विश्लेषण : स्लो कुकरमध्ये टर्की ब्रेस्ट कोरडा का पडतो? आणि तो धोक्याचा कधी ठरतो?

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा अमेरिकेत 'थँक्सगिव्हिंग'चा दिवस. सुट्टी, पाहुणे आणि टेबलाच्या मध्यभागी भाजलेली टर्की. पण बहुतेक घरांत ओव्हन एकच असतो आणि त्याच दिवशी त्यात पम्पकिन पाय, रताळी, ब्रेडचे स्टफिंग असे सगळेच जायचे असते. त्यामुळे चार-सहा माणसांच्या घरात अख्ख्या पक्ष्याऐवजी फक्त छातीचा भाग, म्हणजे टर्की ब्रेस्ट आणून तो स्लो कुकरमध्ये लावण्याची पद्धत रुळली आहे. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा मार्ग सोयीचा वाटतो. 'सकाळी लावा आणि विसरून जा' अशी या भांड्याची ख्याती. टर्की ब्रेस्टच्या बाबतीत नेमका हाच सल्ला चुकतो. विसरले तर मांस कापसासारखे होते आणि घाईत बर्फासकट लावले तर पाहुण्यांच्या पोटावर बेतू शकते. असे का होते आणि काय केले तर होत नाही, ते पाहू.

अख्खी टर्की का नको?

सणाच्या दिवशी आणली जाणारी अख्खी टर्की साधारण साडेपाच ते सात किलोची असते. ती घरातल्या सहा-सात लिटरच्या स्लो कुकरमध्ये मावतच नाही. मावली असती तरी एवढा मोठा पक्षी मंद आचेवर आतपर्यंत गरम व्हायला फार वेळ लागला असता. ब्रेस्ट बाजारात दोन प्रकारे मिळतो. हाडासकट असेल तर दोन ते साडेतीन किलोचा आणि बिनहाडाचा, जाळीत बांधलेला असेल तर एक-दीड किलोचा. दोन्हींत हाडासकटचा तुकडा घ्यावा. तो बिनहाडाच्या तुकड्याइतक्या झटकन जास्त शिजत नाही आणि जेवण झाल्यावर हाडेही कामी येतात.

वेष्टनावरची बारीक अक्षरे मात्र वाचायला हवीत. अनेक टर्की ब्रेस्टमध्ये कारखान्यातच मिठाचे पाणी टोचलेले असते आणि ते किती टक्के आहे हे तिथे छापलेले असते. तसे असेल तर वरून पुन्हा मीठ चोळू नये. पहिल्यांदा टर्की करणाऱ्यांचे जेवण खारट होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

स्लो कुकर नेमके काय करतो?

आपण प्रेशर कुकरवर वाढलेली माणसे. शिट्टीच्या कुकरमध्ये वाफेचा दाब वाढतो, त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि अन्न पटकन शिजते. स्लो कुकरचे काम बरोबर उलटे. जाड चिनी मातीचे भांडे, त्याला बाजूने वेढणारी विजेची तार आणि सैल बसणारे काचेचे झाकण. दाब नाही, शिट्टी नाही. अन्न हळूहळू तापते आणि उकळीच्या जरा खालीच राहते. चूल विझत आल्यावर निखाऱ्यांवर ठेवून दिलेली मटणाची हंडी आठवा, तोच हा प्रकार.

या भांड्याची जन्मकथाही तशीच आहे. शिकागोतील संशोधक आयर्व्हिंग नॅक्सन यांना त्यांच्या आईने लिथुआनियातल्या व्हिल्ना गावची आठवण सांगितली होती. शनिवारी ज्यू धर्मात चूल पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी बायका कडधान्य आणि मांसाचे भांडे गावच्या बेकरीत नेऊन ठेवत. निवत जाणाऱ्या भट्टीच्या उष्णतेवर ते रात्रभर शिजे. या पदार्थाचे नाव 'चोलंट'. नॅक्सन यांनी विजेवर चालणाऱ्या अशा भांड्यासाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये त्यांना पेटंट मिळाले. १९७० मध्ये 'रायव्हल' कंपनीने त्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी ते भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या अमेरिकी स्त्रियांच्या पिढीने ते उचलून धरले.

म्हणजे हे भांडे मुळात कशासाठी होते? कडधान्य आणि चिवट मांसासाठी. टर्कीची छाती या दोन्हींत बसत नाही, आणि गडबड इथेच सुरू होते.

मग ब्रेस्टच कोरडा का पडतो?

टर्की दिवसभर चालणारा पक्षी आहे. त्याच्या पायांना सतत काम असते, म्हणून तिथले मांस गडद, चिवट आणि कोलेजन या प्रथिनाने भरलेले असते. कोलेजन ७० अंशांच्या वर काही तास राहिले की विरघळून त्याचे जिलेटिन बनते आणि मांस मऊ, रसदार लागते. मटणाच्या नळीचा रस्सा चिकट होतो तो याच जिलेटिनमुळे. अशा मांसाला स्लो कुकर जितका वेळ देईल तितके चांगले.

छातीचे स्नायू मात्र क्वचित वापरले जातात. टर्की उडते ती अगदी थोडे अंतर, आणि पाळलेली तर जवळपास उडतच नाही. त्यामुळे छातीचे मांस पांढरे, कमी चरबीचे आणि कोलेजन अगदी कमी असलेले. तापमान साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गेले की मांसातली प्रथिने आक्रसू लागतात आणि ओला कपडा पिळावा तसे आतले पाणी बाहेर ढकलतात. पायाच्या मांसात ही तूट जिलेटिन भरून काढते. छातीत भरून काढायला काहीच नसते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. भांड्यात तळाशी इतका रस्सा असताना मांस कोरडे कसे पडेल, असे अनेकांना वाटते. पण तो रस्सा बव्हंशी मांसातूनच निघालेला असतो! पाण्यात बुडालेले मांसही कोरडे पडते, कारण बाहेरचे पाणी पिळलेल्या तंतूंमध्ये परत शिरत नाही. जास्त उकडलेली अंडी पाण्यातच असतात, तरी त्यांचा बलक भुसभुशीत होतोच.

'लो' आणि 'हाय' यांत फरक किती?

नावावरून वाटतो तेवढा नाही. 'लो' म्हणजे कमी तापमान आणि 'हाय' म्हणजे जास्त, असा समज आहे. प्रत्यक्षात अनेक स्लो कुकरमध्ये दोन्ही बटणांवर अन्न शेवटी साधारण सारख्याच, उकळीच्या जवळच्या तापमानाला पोहोचते. फरक असतो तो तिथे पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा. म्हणजे 'लो'वर ठेवून आठ-नऊ तास कामावर गेलात तर वाटेत कधीतरी ब्रेस्ट तयार झालेला असतो आणि पुढचे तास तो नुसता सुकत राहतो. एखाद्या पाककृतीत 'लोवर आठ तास' असे दिसले तर ती पायाच्या मांसासाठी असावी असे समजून पुढे जावे.

तयार झाला हे कसे ओळखायचे?

मांस किती वेळ शिजले हे घड्याळ सांगते. ते तयार झाले का, हे फक्त थर्मामीटर सांगतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने सर्व प्रकारच्या कोंबडी-टर्कीसाठी एकच आकडा दिला आहे : सर्वात जाड भागात ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे तिकडच्या थर्मामीटरवर १६५ फॅरेनहाइट. या तापमानाला साल्मोनेलासारखे जंतू क्षणात मरतात. थोड्या कमी तापमानाला जास्त वेळ ठेवूनही ते मरतात, हे खरे आहे. कारखान्यांत ते गणित वापरलेही जाते. पण घरगुती स्वयंपाकघरात मोजमापात चूक होण्याची शक्यता जास्त, म्हणून एकच सोपा आकडा. घरी भारतातून आलेले वयस्कर आई-वडील, लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर या आकड्याशी अजिबात तडजोड नको.

थर्मामीटरचे टोक हाडाला टेकू देऊ नये. हाडाजवळचे तापमान मांसाच्या तापमानापेक्षा वेगळे दिसू शकते आणि आकडा फसवतो. रंगावरही विसंबू नये. पूर्ण शिजलेली टर्की कधी कधी आतून गुलाबीसर दिसते आणि कच्ची राहिलेली पांढरी दिसू शकते. काही तुकड्यांना शिजल्यावर वर उसळणारे प्लास्टिकचे बटण खोचलेले असते. ते उसळले तरी थर्मामीटरने खात्री करावी, असे कृषी खातेच सांगते.

साधा थर्मामीटर फार महाग नसतो. स्लो कुकरवर खर्च करणाऱ्याने तो न घेणे म्हणजे गाडी घेऊन आरसे न लावण्यासारखे आहे.

गोठलेला तुकडा थेट लावला तर?

हा या विषयातला सर्वात गंभीर मुद्दा. टर्की ब्रेस्ट बहुतेक वेळा गोठवलेलाच मिळतो आणि गुरुवारी सकाळी लक्षात येते की तो अजून दगडासारखा आहे. मग 'नाहीतरी आठ तास शिजणारच आहे' असे म्हणत तो तसाच भांड्यात जातो.

४ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. या पट्ट्यात काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. ओव्हनची उष्णता मोठी असते, ती हा पट्टा लवकर ओलांडते. स्लो कुकरची उष्णता सौम्य असते. तीन किलोचा गोठलेला गोळा आतून वितळून साठ अंश ओलांडेपर्यंत कित्येक तास जातात, तेही उबदार, ओल्या भांड्यात. पुढे तापमान वाढल्यावर जंतू मरतीलही, पण काही जंतूंनी तोवर तयार केलेली विषे उष्णतेने नष्ट होत नाहीत. म्हणून मांस स्लो कुकरमध्ये लावण्याआधी पूर्ण वितळलेले असावे, असा कृषी खात्याचा स्पष्ट नियम आहे.

ही भीती पुस्तकी नाही. अमेरिकेत २०१७ ते २०१९ दरम्यान कच्च्या टर्कीशी जोडलेल्या साल्मोनेलाच्या साथीत ४२ राज्यांतील ३५८ जण आजारी पडल्याची नोंद झाली आणि एकाचा मृत्यू झाला.

वितळवण्याचे गणित सोपे आहे. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटात ठेवून, दर दोन किलोला साधारण एक दिवस. तीन किलोचा तुकडा गुरुवारी हवा असेल तर मंगळवारी फ्रीझरमधून काढावा. विसरलात तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. तीन किलोला तीन-साडेतीन तास लागतात आणि मग लगेच शिजवावे लागते. ओट्यावर रात्रभर ठेवून वितळवणे हा पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याला पटायला जड जाते. कच्ची टर्की धुऊ नये. आपल्याकडे कोंबडी हळद लावून दोन-तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय पातेल्यात पडत नाही. पण नळाखाली धुताना उडणारे शिंतोडे सिंक, ओटा आणि शेजारी ठेवलेल्या कोशिंबिरीपर्यंत जातात. जंतू धुण्याने जात नाहीत, शिजवण्याने जातात. कागदी टॉवेलने टिपून घेतले की पुरे.

प्रत्यक्षात लावायचे कसे?

आदल्या रात्री, टोचलेले मीठ नसेल तर, दर किलोला सुमारे १० ग्रॅम मीठ सगळीकडून आणि शक्य तिथे कातडीखाली चोळून तुकडा फ्रिजमध्ये ठेवावा. मिठामुळे तंतू पाणी जरा जास्त धरून ठेवतात. कोरडेपणावर घरी करता येण्याजोगा हा सर्वात स्वस्त उपाय आहे.

सकाळी भांड्याच्या तळाशी कांद्याच्या जाड चकत्या, गाजर आणि सेलरीचे तुकडे टाकावेत. स्लो कुकरमध्ये भाज्या मांसापेक्षा सावकाश शिजतात, म्हणून त्या तळाशी. त्यावर ब्रेस्ट, कातडीची बाजू वर. वरून लोणी, मिरपूड, लसूण, थाइम किंवा सेजची पाने. पाणी किंवा स्टॉक फक्त अर्धा ते एक कप, बाकीचा रस मांस स्वतः सोडते. भांडे अर्ध्यापेक्षा कमी आणि दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरलेले नसावे.

पहिला तास 'हाय', मग 'लो'. सुरुवातीच्या तासामुळे धोक्याचा पट्टा लवकर ओलांडला जातो. हाडासकट अडीच-तीन किलोच्या तुकड्याला पुढे चार-पाच तास लागू शकतात, बिनहाडाच्या दीड किलोला एकूण तीन-चार. पण हे अंदाज आहेत. प्रत्येक कुकरचा स्वभाव वेगळा, जुने भांडे आणि नवे भांडे यांतही फरक पडतो. म्हणून मोठ्या तुकड्याचे तापमान साडेतीन तासांनंतर आणि छोट्याचे दोन तासांनंतर पाहायला घ्यावे. झाकण मात्र उगाच उघडू नये. एकदा उघडले की शिजणे सुमारे अर्धा तास मागे पडते. तारेचा थर्मामीटर असेल तर टोक मांसात खोचून तार झाकणाखालून बाहेर काढता येते आणि हा प्रश्नच मिटतो. ७४ चा आकडा दिसला की ब्रेस्ट लगेच बाहेर काढावा, 'अजून थोडा राहू दे' म्हणू नये. पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवावा आणि मग तंतूंना आडवा कापावा.

कातडी पिवळी आणि लिबलिबीत दिसेल, त्याने नाउमेद होऊ नये. कातडी खरपूस व्हायला कोरडी आणि १४० अंशांच्या वरची उष्णता लागते, ती वाफेच्या भांड्यात मिळूच शकत नाही. कातडी टिपून कोरडी करावी, तुकडा ट्रेमध्ये ठेवावा आणि तीन ते पाच मिनिटे ओव्हनच्या वरच्या आचेखाली धरावा. एवढ्यासाठी ओव्हन कोणीही देईल. तळाचा रस गाळून, वरची चरबी काढून घ्यावी. लोण्यात मैदा परतून त्यात तो रस हळूहळू ओतला की ग्रेव्ही तयार. रस चाखूनच मीठ घालावे.

आपला मसाला घातला तर?

जरूर घालावा, पण फोडणीच्या सवयी बदलाव्या लागतात. ज्या कारणाने कातडी खरपूस होत नाही, त्याच कारणाने कांदाही भांड्यात तांबूस होत नाही, नुसता उकडतो. कच्चा कांदा आणि आले-लसूण वाटण थेट टाकले तर रश्शाला कच्चट वास राहतो. म्हणून कांदा, वाटण आणि कोरडा मसाला आधी कढईत तेल सुटेपर्यंत परतून मग कुकरमध्ये घालावा. दही सुरुवातीला घातले तर तासन्‌तासांच्या उष्णतेत फाटते. ते शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी ठेवावे. कोथिंबीर, लिंबू वाढताना.

एक इशारा टर्कीपलीकडचा, पण याच भांड्याचा. सोबत शाकाहारी पाहुण्यांसाठी स्लो कुकरमध्ये राजमा करायचा विचार असेल तर थांबा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते आणि स्लो कुकरची आच ते नष्ट करण्याइतकी नसते. राजमा भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळल्याशिवाय या भांड्यात घालू नये. आपला शिट्टीचा कुकर इथे सरस ठरतो.

भारतात करता येईल का?

टर्की आपल्याकडे अगदी अनोळखी नाही. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. पण इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्कांनी त्याला 'हिंदी' म्हटले आणि पोर्तुगीजांनी 'पेरू'. गोव्यात नाताळच्या सुमारास कोणी 'पेरू भाजला' म्हणाले तर फळाचा विचार करू नये! जहांगीर बादशहाकडे १६१२ मध्ये टर्की पोहोचली ती गोव्यातूनच. त्याच्या दरबारातील चित्रकार मन्सूर याने काढलेले तिचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने 'कॅरी विराट' नावाची टर्कीची जातही विकसित केली आहे. तरी शहरांत ती मिळते ती मुख्यतः नाताळच्या दिवसांत आणि गोठवलेली.

हीच रीत कोंबडीला लागू होते. आकडा ७४ चाच, फक्त तुकडा लहान असल्याने चिकन ब्रेस्टकडे दीड-दोन तासांतच लक्ष द्यावे लागते. खरे तर स्लो कुकर घेतलाच असेल तर त्यात कोंबडीच्या तंगड्या किंवा मटण करावे, भांड्याचा खरा उपयोग त्यात आहे. 'स्लो कुक'चे बटण असलेल्या विजेच्या मल्टिकुकरमध्ये बहुधा उष्णता फक्त तळाकडून येते, त्यामुळे वेळ जास्त लागू शकतो.

मध्येच वीज गेली तर काय? घरी असाल तर लगेच गॅसवर किंवा ओव्हनमध्ये शिजवणे पूर्ण करावे. बाहेर असाल आणि वीज किती वेळ गेली होती हे कळत नसेल तर अन्न शिजलेले दिसले तरी फेकून द्यावे, असे कृषी खाते सांगते. ते जिवावर येते, पण पर्याय नाही.

उरलेल्या मांसाचे काय?

शिजल्यानंतरही एक जंतू टपलेला असतो, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. त्याचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात आणि अन्न सावकाश निवत असताना वाढू लागतात. मेजवान्यांच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्याच्या तक्रारी जास्त दिसतात. म्हणून जेवण झाल्यावर भांडे तसेच ओट्यावर ठेवून गप्पा मारत बसू नये. मांस हाडापासून सोडवून उथळ डब्यांत, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे. ते तीन-चार दिवसांत संपवावे आणि गरम करायचे ते गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये, पुन्हा ७४ अंशांपर्यंत. थंड अन्न तापवायला स्लो कुकर वापरू नये, तो धोक्याच्या पट्ट्यात पुन्हा तासभर रेंगाळतो. आपल्याकडे शिळ्या मांसाचा दुसऱ्या दिवशी झणझणीत रस्सा होतो, तो टर्कीचाही छान होतो. तुकडे शेवटी टाकून एक उकळी काढली की झाले.

हाडे मात्र त्याच रात्री परत स्लो कुकरमध्ये जाऊ द्यावीत. कांदा, चार मिरे, एक तमालपत्र, बुडेल इतके गरम पाणी, पहिला तास 'हाय'वर आणि मग 'लो'वर रात्रभर. छातीच्या मांसात नसलेले कोलेजन हाडांत आणि कूर्चेत भरपूर असते, त्यामुळे इथे भांड्याला हवा तितका वेळ देता येतो. सकाळी गाळून, झटपट गार करून फ्रिजमध्ये ठेवलेला हा स्टॉक दुपारपर्यंत जेलीसारखा थरथरू लागतो.